लग्न बंबवाल्यांच्या हॉलात

—नाही नाही, झगा इतका लांब नको, झोर्का, अजून जरा वर घे, मला पाय दाखवायचेत! हसतेस काय? हसू नको, टाचण्या गिळशील. तुझी आई पण अश्शीच तोंडात टाचण्या धरून हसायची आणि इकडे मी देवाचा धावा करायची. तू बोलूच नकोस, नुसतं हूं कर, मी बोलते — तसंही मला मधेमधे कुणी बोललेलं खपत नाही. हं, काय सांगत होते? थीम! ती मॉलजवळच्या लग्नाच्या दुकानातली पोरगी मला म्हणते, "मॅडम, तुमची थीम काय?" थीम म्हणजे? मी म्हटलं, लग्न. लग्न हीच थीम. त्याआधी तर अजून गंमत — मी आत शिरल्या शिरल्या म्हणते कशी, "नवरीच्या आजी का?" मी म्हटलं, "नवरी." तिनं माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. म्हटलं, "अगं बाळा, मीच." इतकी गोरीमोरी झाली बिचारी, की मलाच तिला खुर्ची द्यावीशी वाटली.

मग तिनं फोटो काढले दाखवायला. एका फोटोत लग्न चाललंय चक्क गुरांच्या गोठ्यात — वर तुळया, खाली पेंढ्याचे भारे, त्या भाऱ्यांवर पाहुणे बसलेत सुटाबुटात. टेबलांवर गोणपाट. गोणपाट, झोर्का! आणि फुलं कशात, तर काचेच्या बरण्यांत. म्हटलं, "यात आम्ही लोणच्याच्या काकड्या घालतो." तर म्हणाली, "हो ना, किती गोड, अगदी जुन्या काळासारखं!" जुना काळ! माझा आजोबा गोठ्याला कंटाळून स्लोव्हाकियातून जहाजात बसला, इथे अमेरिकेत येऊन पोलादाच्या भट्टीपुढे भाजून निघाला, ते काय नातीनं म्हातारपणी परत गोठ्यात जाऊन लग्न करावं म्हणून? दुसरी थीम होती, तिला काहीतरी फ्रेंच नाव होतं — सगळं पांढरं, भिंती पांढऱ्या, फुलं पांढरी, केक पांढरा, नवरी पांढरी. दवाखाना वाटत होता. ताटात तीन वाटाणे आणि एक मासा. मी म्हटलं, आमच्याकडची माणसं हे जेवून गाडीत बसतील आणि वाटेत थांबून जेवतील.

—आई गं! टोचलं. नाही, तुझी चूक नाही, मीच हलले. हातवारे करायची खोड आहे मला. बरं, खाली ठेवते हात. हे बघ. ठेवले.

मला काय हवंय सांगू? मला बंबवाल्यांचा हॉल हवाय. आपला, पुलाजवळचा. खाली आगीचे बंब उभे आणि वर हॉल. ती नाचून नाचून गुळगुळीत झालेली फरशी, भिंतींत मुरलेला बिअरचा वास, आणि स्टेजमागचा तो पडदा — डोंगर आणि हरण रंगवलेला, हरणाला पाच पाय आहेत बघ, शाळेपासून मोजत आलोय आपण. मधेच भोंगा वाजला तर निम्मे पुरुष ताटं टाकून आग विझवायला पळणार. पळू देत! येतील परत भुकेले होऊन. आणि छताला क्रेप कागदाच्या पट्ट्या — पिळून पिळून, चारी कोपऱ्यांतून मधोमध आणायच्या, आणि मधे ती मोठी कागदी घंटा, उघडली की मधाच्या पोळ्यासारखी फुगते ती. दारावर झिरमिळ्या. अ‍ॅकॉर्डियनवाला हवा, पोल्का नाच हवा. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, भाजलेली कोंबडी, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुकीजचं टेबल. म्हणजे डोळे फिरले पाहिजेत लोकांचे. आपल्याकडे लग्न कसं झालं हे कोण विचारतं? कुकीज किती होत्या ते विचारतात. नवरी पळून गेली तरी म्हणतील, पण टेबल काय सुरेख होतं हो!

हॉल तर ठरवला पण. मे महिन्यातला शनिवार. फक्त — ऐक ना, कुणाला बोलू नको — चर्चच्या महिला मंडळाच्या जेवणाच्या नावावर घेतलाय. मग काय करणार? त्या चावीवाल्याला खरं सांगितलं असतं तर अर्ध्या तासात अख्ख्या नदीकाठाला कळलं असतं. तो लिहून घेत होता. "बिअर लागेल का?" म्हणाला. म्हटलं, चार पिंपं. त्यानं पेन्सिल थांबवली. "महिला मंडळाला?" म्हटलं, हो, आम्ही फार प्रार्थना करतो, घसा सुकतो.

—अगं हळू! टाचणी पडली बघ तोंडातली. तिकडे, मशीनखाली. राहू दे, नंतर शोध.

रंगाबद्दल तू तोंड वाकडं केलंस ना मघाशी? केलंस. आरशात दिसलं मला. कलिंगडाचा लाल, आतला, पिकलेल्या कलिंगडाचा — हाच हवा. सत्तरी आली म्हणून काय राखाडी घालू? त्या दुकानातल्या पोरीनं माझ्यापुढे काय आणून ठेवलं, माहितेय? साय. सायीच्या रंगाचा कोट आणि सायीच्याच रंगाचा झगा. "तुमच्या वयाला शोभेल." म्हटलं, बाई, हे मी शवपेटीत घालीन, आत्ता लाल काढ. काढला नाही तिनं. नव्हताच. म्हणून तर तुझ्याकडे आले.

तुला सांगते, माझं पहिलं लग्न झालं ना, स्टॅनबरोबर, ते सगळं मोहरीच्या रंगाचं होतं. करवल्या मोहरी, टेबलं मोहरी, नॅपकिन मोहरी. का? तर सासूच्या ओळखीच्या दुकानात त्या रंगाच्या कापडाचं ठाणच्या ठाण पडून होतं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. एकोणीस वर्षांची होते. आई आणि सासू आमच्या स्वयंपाकघरात बसायच्या, दार लावून, आणि मी बाहेर भांडी पुसायची. एकदा धीर करून आत गेले, म्हटलं, "मला वाटतं फिकट निळा—" सासूनं नुसतं वर बघितलं. आई म्हणाली, "मार्लीन, पाव बघ गं भट्टीतला." झालं. तेवढंच मी बोलले माझ्या लग्नात. आणि स्टॅननं तरी कुठं विचारलं? अगं, खरंच नाही विचारलं! त्याच्या आईनं माझ्या आईला विचारलं, माझी आई "हो" म्हणाली, आणि रविवारी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. असा, टोपी मांडीवर ठेवून. म्हणाला, "मग झालं म्हणे ठरलं." माणूस वाईट नव्हता हं. हात उगारला नाही, पगार दारूत घातला नाही, आमच्या लेकीला, डेनिसला, खांद्यावर घेऊन फिरायचा. शेवटी फुप्फुसं गेली त्याची, तेव्हा वर्षभर मी केलं सगळं, आणि मनापासून केलं. पण संसारभर मला त्यानं विचारलेले प्रश्न आठवायला लागले ना, तर, "जेवण झालं का?" आणि "पाना कुठे ठेवलास?" एवढेच आठवतात.

—काय? हूं म्हणजे काय हूं? नवरदेवाला काय वाटतं रंगाबद्दल? आल्डोला कुठं माहितेय रंग! … नाही, ड्रेसही नाही माहीत. … हॉल? नाही. … अगं, असं काय बघतेस? टाचण्या काढून बोल मग, असं डोळ्यांनी काय बोलतेस! बरं. बरं बाई. सांगते. आल्डोला लग्नच माहीत नाही.

थांब, थांब, ओरडू नकोस! वेडी नाही झाले मी. त्यानं विचारलंय. म्हणजे त्यानंच विचारलंय! मी फक्त अजून "हो" म्हटलेलं नाही.

बैस तू खाली, मी सांगते नीट. तो दर गुरुवारी जेवायला येतो ना माझ्याकडे — बायको गेल्यापासून दुकानातले बंद डबे उघडून खायचा, एकदा चर्चच्या पायऱ्यांवर मला म्हणाला, आज सूप होतं, काल पण सूप होतं. म्हटलं, ये गुरुवारी, कोबी-नूडल्स करते. तेव्हापासून येतो. भांडी तो पुसतो. आणि या उन्हाळ्यात, एका गुरुवारी, हातात कढई, खांद्यावर पंचा, घसा खाकरला आणि म्हणाला, "मार्लीन, माझ्याशी लग्न करशील का?" झोर्का, मला ना, अशी झिणझिणी आली इथून इथपर्यंत. विचारलं! मला कुणीतरी विचारलं! आणि माझ्या तोंडून काय निघालं? "बघू." म्हटलं, "विचार करून सांगते." मला वाटलं तो रागवेल. छे! हसला. कढई पुसली, जागेवर ठेवली, म्हणाला, "हरकत नाही, पुढच्या गुरुवारी विचारतो."

आणि विचारलं! टोमॅटो घेऊन आला आणि विचारलं. मग एकदा पाऊस होता, बूट चिखलाचे, आत यायला तयार नाही, जाळीच्या दाराबाहेरूनच विचारलं — नाकावरून पाणी गळतंय आणि विचारतोय. एकदा तोंडात घास असताना विचारलं, मला काही कळलंच नाही, म्हटलं, काय मीठ हवंय? तर म्हणे, नाही, तू हवीस. आल्डो! जन्मभर क्रेन चालवली त्यानं, कानानं अर्धा गेलाय, आणि असलं बोलतो! एकदा तर काही बोललाच नाही, नुसत्या भुवया वर केल्या. मी म्हटलं, "बघू." म्हणजे तो विचारतोय आणि मी "बघू" म्हणतेय, आणि तो घरी गेला की मी खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून नाचतेय. एकटी! या वयात! आणि दुसऱ्या दिवशी उठून हॉल बघायला. मग घंटा. मग तुझ्याकडे कापड. आता मला सांग, "हो" म्हटलं की संपलं ना? मग कोण विचारतं? परत "जेवण झालं का" आणि "पाना कुठे"च ना? म्हणून म्हटलं, अजून एक गुरुवार. अजून एकच. माझं चुकलं का काही? … हूं काय. तुला नाही कळायचं, तुझ्या मिलाननं गुडघ्यावर बसून विचारलं होतं, तुझी आई सांगत होती.

आणि कुकीज तर मी सप्टेंबरपासूनच करायला लागले. अक्रोडाच्या, जर्दाळूच्या, त्या क्रीम भरलेल्या नळ्या — सगळ्या तळघरातल्या फ्रीजरमध्ये. परवा तर काय धमाल झाली! म्हणजे मागच्याच्या मागच्या गुरुवारी. मी आल्डोला म्हटलं, बर्फ आण रे खालून. विसरलेच! तो खाली गेला, आणि वर येईना. मी जिन्यात. तर हा फ्रीजर उघडून उभा. वरपासून खालपर्यंत डबे, प्रत्येकात कुकीज, कागद घालून थर लावलेले. म्हणाला, "कुणाचं लग्न आहे?" सापडलेच की मी! पण मी पण काय कमी आहे का, पटकन म्हटलं, "डेनिसच्या नणंदेचं." डेनिसची नणंद! तिला दोन पोरं आहेत! पण त्याला कुठलं आठवायला. तो बघत राहिला. मग म्हणाला, "नशीबवान आहे." झाकण लावलं, बर्फ घेऊन वर आला. मी अशी हसले, अशी हसले, तोंडात पंचा कोंबून—

त्या गुरुवारी? … त्या गुरुवारी, नाही, त्या गुरुवारी नाही विचारलं त्यानं. गडबडीत राहिलं असेल. आणि मागच्या गुरुवारी पाठ दुखत होती त्याची. लवकर गेला. भांडी पण मीच पुसली. विचारेल की उद्या! उद्या गुरुवार. उद्या विचारलं ना, तर कोण जाणे, "हो" म्हणेनसुद्धा. बाही बघ गं, ही डावी जरा—

काय झालं? थांबलीस का? टाचण्या का काढल्यास तोंडातल्या?

आल्डोनं काय दिलं? … अंजिराचं झाड? तुझ्या भावाला, निकला? … म्हणजे फांदी दिली असेल, कलम लावायला. देतो तो. … मुळासकट? … नाही गं. ते झाड तो कुणाला देणार नाही. त्याच्या बापानं इटलीहून कोटात गुंडाळून आणलंय ते. दरवर्षी थंडी पडायच्या आधी तो त्याला आडवं करतो, खड्ड्यात निजवतो, वर पाला, वर फळ्या, वर जुनी सतरंजी. आणि वसंतात उकरून उभं करतो. गुडघे गेले तरी करतो. मी ओरडते, अरे अंजिरं विकत मिळतात! तो म्हणतो, वाट बघितलेली नाही मिळत. … निकला काय म्हणाला? नीट सांग. शब्द सांग. … "वसंतात मी इथे नसेन." … कुठे? … रेमंडकडे. अ‍ॅरिझोनाला. थंडीपुरता जाईल ना, मुलाकडे जातात की लोक थंडीत. … घर पण? … विकायला काढायचं म्हणाला. … आणि तू मला हे आत्ता सांगतेस! … हो. हो, तुला वाटलं मला माहीत असेल. सगळ्यांना वाटणारच, मला माहीत असेल.

नाही, बसत नाही. टाचण्या आहेत. … मला बरं वाटतंय. … पाणी नको.

फ्रीजर उघडा धरून उभा होता गं तो. मला वाटलं कुकीज मोजतोय. "नशीबवान आहे" म्हणाला, तेव्हा माझ्याकडे बघितलं पण नाही. आणि मी हसले. त्याला वाटलं असणार, बघा, ही दुसऱ्यांच्या लग्नाला तळघर भरून कुकीज करते, आणि मी उन्हाळाभर विचारतोय तर म्हणते "बघू." मला गोड वाटत होतं, झोर्का. दर गुरुवारी इतकं गोड वाटत होतं. आणि तो घरी जाताना त्याला कसं वाटत असेल, हे माझ्या डोक्यात सुद्धा आलं नाही. टेकडी चढून, एकटा.

माझी पर्स. पर्स दे. तिकडे खुर्चीवर. … नाही, उद्यापर्यंत नाही थांबत. फोन काढ तूच, माझा हात वर होत नाही या बाहीतून. लाव. आल्डोचा नंबर वरच आहे. धर माझ्या कानाशी. … वाजतोय. … वाजतोय. … उचलत नाही. … अरे उचल ना, बाबा—

आल्डो! मी. … मी मार्लीन. … मार्लीन! कानातलं यंत्र लाव. … यंत्र! … लावलंस? … नाही, पडले नाही मी. … नाही, घराला आग नाही लागली. मी झोर्काकडे आहे, शिवणाच्या दुकानात. … ऐक. तू नुसतं ऐक. ते लग्न डेनिसच्या नणंदेचं नाहीये. … कुकीजचं! तिचं लग्न कधीच झालंय, तिला दोन मुलं आहेत. त्या कुकीज माझ्या लग्नाच्या आहेत. … माझ्या. … कुणाशी म्हणजे? … अरे गाढवा, कुणाशी म्हणजे काय! … हो, मी "बघू" म्हटलं. सगळ्या गुरुवारी म्हटलं. मला विचारलेलं आवडत होतं रे. कुणी कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, तू विचारतच राहशील. … हो. … हो, मला माहितेय. … मला कळतंय. … नाही, तू नको विचारू. तू पुष्कळ विचारलंस. आता मी विचारते. थांब, मला श्वास घेऊ दे.

झोर्का, नीट धर ना फोन, कानापासून सरकतोय.

आल्डो, तू माझ्याशी लग्न करशील का?

… 

आल्डो?

… आहेस ना?

… हं. … हं, ऐकतेय. … परत म्हण. … हं.

हो म्हणाला. झोर्का, हो म्हणतोय. … नुसता श्वास ऐकू येतोय. रडतोय वाटतं. आल्डो रडतोय. … अगं तू काय रडतेस, कापडावर डाग पडतील! दे, फोन मी धरते, फाटली बाही तर फाटू दे. आणि तू बाहेर जा जरा. … पुढच्या खोलीत जा, कुणी आलं तर सांग, दुकान बंद आहे. … जा ना गं. पडदा ओढून घे जाताना.